एका खाटेभोवतीची माणसे : आरोग्य-व्यवसायांच्या सहकार्याचे संशोधन कुठवर आले?

2001 साली कॉक्रेन या संस्थेच्या ग्रंथालयात एक आढावा प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांतल्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना एकत्र शिकवले, तर त्याचा रुग्णाला किंवा उपचारांच्या दर्जाला फायदा होतो का, असा त्याचा प्रश्न होता. मेरिक झ्वारेनस्टाइन, स्कॉट रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक शोधनिबंध चाळले. त्यांच्या शास्त्रीय कसोटीला उतरणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. हाच शोध त्यांनी 2008 साली पुन्हा घेतला, तेव्हा सहा अभ्यास सापडले आणि 2013 साली पंधरा. एका ज्ञानशाखेची वाढ इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसते. पण या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. त्याच काळात या विषयावर छापल्या गेलेल्या लेखांची संख्या हजारोंनी वाढली. म्हणजे लिहिले गेले खूप आणि सिद्ध झाले त्या मानाने थोडे. ही तफावत का राहिली आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराने तिच्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहायचे आहे.

संभाजीनगरचाच विचार करण्याचे कारण साधे आहे. 1956 साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय, म्हणजे सगळ्या मराठवाड्याची ‘घाटी’, अकराशेहून अधिक खाटांचे आहे. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, परिचर्या शिक्षण आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. एमजीएमच्या आवारात वैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार हे तिन्ही अभ्यासक्रम चालतात. कांचनवाडीला आयुर्वेद आणि दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही बऱ्याच आहेत. आरोग्याशी संबंधित जवळजवळ प्रत्येक व्यवसायाचे विद्यार्थी काही किलोमीटरच्या परिघात शिकतात. तरीही परिचर्येच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एकाच रुग्णाचा विचार एकत्र बसून करताहेत, असा तास वेळापत्रकात शोधावा लागतो. त्यांची खरी ओळख होते ती नोकरी लागल्यावर, रात्रपाळीत, एखादा रुग्ण गंभीर झालेला असताना.

या विषयाचा पहिला ठळक लेख आकडेवारीचा नव्हता, निरीक्षणाचा होता. 1967 साली लेनर्ड स्टाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात चालणारा एक खेळ वर्णन केला. रुग्णाला काय हवे आहे ते परिचारिकेला माहीत असते, पण तिने ते सरळ सांगायचे नसते. तिने अशा रीतीने सुचवायचे, की ती कल्पना डॉक्टरांचीच वाटावी. डॉक्टरांनीही तिचा सल्ला घ्यायचा, पण विचारला असे दिसू द्यायचे नाही. दोघांनी नियम पाळले तर काम सुरळीत चालते. कुणी नियम मोडला तर त्याला किंमत मोजावी लागते. 1990 साली स्टाइनने सहकाऱ्यांसह याच विषयाकडे पुन्हा पाहिले आणि अमेरिकेत परिचारिका हा खेळ सोडून देत आहेत, असे नोंदवले. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयातल्या अनुभवी सिस्टरना हा लेख वाचून दाखवला, तर त्यातले फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही, असे मला वाटते. ‘सर, मागच्या वेळी अशा पेशंटला तुम्ही अमुक दिलं होतं’ हे वाक्य त्याच खेळातले आहे.

1972 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आरोग्य-चमूच्या एकत्रित शिक्षणावर अहवाल काढला. 1978 च्या अल्मा-आता जाहीरनाम्यात डॉक्टर, परिचारिका, सुईणी, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि गरजेप्रमाणे पारंपरिक उपचारक यांनी एक चमू म्हणून काम करावे, असे स्पष्ट लिहिले गेले. ब्रिटनमध्ये 1987 साली या विषयाला वाहिलेली केप ही संस्था उभी राहिली. 1988 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र शिकण्यावरच अहवाल काढला. 1992 पासून या क्षेत्राचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. ही सगळी पायाभरणी. पण पैसा आणि लक्ष या विषयाकडे वळले ते वेगळ्या कारणाने: रुग्णालयात टाळता येण्याजोग्या चुकांनी माणसे मरतात, हे उघड बोलले जाऊ लागले तेव्हा.

1986 साली विल्यम नाउस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तेरा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतल्या 5,030 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण किती गंभीर अवस्थेत आला होता त्यावरून किती मृत्यू अपेक्षित आहेत हे काढायचे आणि प्रत्यक्षात किती झाले याच्याशी ताडून पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. एका रुग्णालयात 69 मृत्यू अपेक्षित होते, झाले 41. दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा 58 टक्के जास्त झाले. हा फरक यंत्रांनी किंवा शिक्षणसंस्थेच्या नावलौकिकाने उलगडेना. लेखकांचा निष्कर्ष असा, की डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातला समन्वय आणि संवाद जिथे चांगला, तिथे निकाल चांगला. हा अभ्यास पुढे अगणित वेळा उद्धृत झाला. त्यामानाने 1994 चा शॉर्टेल यांचा 42 अतिदक्षता विभागांचा अभ्यास कमी सांगितला जातो. त्यात चांगल्या संवादाचा संबंध रुग्णालयातला मुक्काम कमी होण्याशी आणि परिचारिका नोकरी सोडून न जाण्याशी दिसला, मृत्यूदराशी मात्र दिसला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. सहकार्य चांगले, हे आपल्याला वाटते म्हणून प्रत्येक आकडा त्याच बाजूने झुकेल असे नाही.

मग 1999 अखेर अमेरिकेतला प्रसिद्ध अहवाल आला. त्यात वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. 2001 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथल्या बालहृदय-शस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिथे 1990 च्या सुमारास भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी मुलांचे मृत्यू जास्त होत असल्याची शंका उपस्थित केली होती. ती ऐकून घ्यायला वर्षे गेली. ब्रिस्टलच्या अहवालाने एक गोष्ट कायमची दाखवून दिली: असहकार्य म्हणजे केवळ भांडण नव्हे. एकाला दिसलेले दुसऱ्यापर्यंत न पोहोचणे आणि पोहोचले तरी त्याला वजन नसणे, हेही असहकार्यच, आणि ते अतिशय सभ्य वातावरणात चालू शकते.

2010 हे वर्ष या क्षेत्राचे शिखर म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची कृती-चौकट त्या वर्षी आली. दोन किंवा अधिक व्यवसायांचे लोक एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, ही तिची भूमिका आज सगळीकडे मान्य आहे. त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने आरोग्य-शिक्षणातल्या व्यवसायनिहाय भिंतींवर टीका केली. पुढच्या दशकात विद्यापीठांत केंद्रे निघाली, क्षमतांच्या याद्या तयार झाल्या, परिषदा भरू लागल्या.

आणि इथेच संशोधनाची गाडी वर्गात अडकली. कारण वर्गात मोजणे सोपे असते. 1999 साली पार्सेल आणि ब्लाय यांनी तयार केलेली एकोणीस विधानांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. विद्यार्थ्याने विधानाशी सहमत की असहमत ते सांगायचे. कार्यशाळेच्या आधी भरून घ्यायची, नंतर पुन्हा भरून घ्यायची, गुण वाढलेले दाखवायचे. भारतातले या विषयावरचे बहुसंख्य निबंध या धाटणीचे आहेत: अमुक महाविद्यालयातल्या वैद्यकीय, दंत आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांची एकत्र शिकण्याविषयीची वृत्ती. निष्कर्ष जवळजवळ नेहमी तोच, की वृत्ती अनुकूल आहे. वीस वर्षांच्या मुलामुलींना ‘एकत्र काम करणे चांगले का’ असे विचारले तर ते नाही कशाला म्हणतील? अशा निबंधांनी सुरुवात झाली हे ठीक. पण इतकी वर्षे तिथेच थांबणे हे मला खरोखर खटकते. त्या उत्तराचा पुढे वॉर्डात काय परिणाम होतो, हे कुणी पाहायला जात नाही.

वॉर्डात जाऊन जे थोडे अभ्यास झाले, त्यांचे एकत्रित मूल्यमापन 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. त्यात नऊ अभ्यास आणि साडेसहा हजारांच्या आसपास सहभागी होते. एकत्रित फेऱ्या, नियमित बैठका, सहकार्यासाठी दिलेली तपासणी-यादी अशा उपायांनी थोडी सुधारणा होत असावी, पण पुराव्याची खात्री कमी, असा त्याचा कौल. स्कॉट रीव्ह्ज या सगळ्या आढाव्यांच्या केंद्रस्थानी होते. या क्षेत्राचा कैवार घेणारा माणूसच त्याच्या पुराव्याची सर्वांत कठोर तपासणी करत राहिला, याचे मोल मोठे आहे. 2018 साली त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. सहकार्याला कागदावर उतरवले की काय होते, ते त्यातून दिसते. 2009 साली आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात नवी दिल्लीही होती. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी मोठ्याने काही गोष्टी पडताळायच्या आणि सगळ्यांनी आपापली नावे व भूमिका सांगायच्या. मृत्यूदर 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आला, गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर. मग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने ती यादी सरसकट सक्तीची केली. 2014 साली तिथल्या 101 रुग्णालयांचा हिशोब प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूदरात लक्षणीय फरक आढळला नाही. यादी भरली गेल्याचा अहवाल मात्र जवळपास सगळीकडून येत होता.

आपल्या जवळचे उदाहरण उत्तर प्रदेशातले. तिथल्या 120 सरकारी प्रसूतिकेंद्रांत दीड लाखाहून अधिक बाळंतिणी आणि बाळांवर झालेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांना तशीच बाळंतपणासाठीची यादी आणि प्रशिक्षक दिले. आवश्यक गोष्टी पाळण्याचे प्रमाण दोन महिन्यांनी तुलनेच्या केंद्रांतल्या 42 टक्क्यांच्या तुलनेत 73 टक्क्यांच्या आसपास गेले. आई आणि बाळाच्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही. यावरून मी असा अर्थ काढतो: बाळंतपणाच्या खोलीत सिस्टर हात धुतात, रक्तदाब मोजतात, पण गुंतागुंत दिसल्यावर पुढे जिथे पाठवायचे तिथला डॉक्टर, रक्त, गाडी यांची साखळी जुळत नसेल, तर एका कडीने चांगले काम करून भागत नाही. सहकार्याचे संशोधन एका खोलीत करता येत नाही, ते रुग्णाच्या वाटेने करावे लागते.

महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःचा ठेवा आहे आणि या क्षेत्राच्या आढाव्यांत तो सहसा येत नाही, कारण त्यावर ‘आंतरव्यावसायिक’ असा शिक्का नव्हता. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावात राहून परिचारिका काम करतील, ही आधीची कल्पना चालली नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यातल्या अनेक जणी दलित, बहुतेक जणी निरक्षर. डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांचे फिरते पथक गावात जाई, आणि या बायका नियमितपणे केंद्रावर येऊन शिकत आणि शिकवत. वजन घेणे, जुलाबावर पाणी पाजणे, गरोदर बाई ओळखणे हे काम त्यांचे. त्यांना न झेपणारे परिचारिकेचे. तिलाही न झेपणारे डॉक्टरांचे. सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या व्यक्तीपासून वर काम वाटत जायचे, हा क्रमच उलटा होता. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेला अभ्यास. प्रकल्पातली गावे आणि आसपासची इतर गावे यांची मागे जाऊन तुलना केली, तेव्हा प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूची जोखीम सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळली. वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या कितीतरी पुढचा हा पुरावा आहे.

गडचिरोलीचे काम अधिक काटेकोर प्रयोग म्हणून आखले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून तिथे ‘सर्च’ उभी केली. 1999 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावे तुलनेसाठी होती. काळजी घेतलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 वर आला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला गावातल्या बाईने इंजेक्शन द्यावे की नाही, यावर तेव्हा बालरोगतज्ज्ञांत चांगलाच वाद झाला. तो वाद नीट वाचला पाहिजे, कारण सहकार्याचा प्रश्न अखेर तिथेच येऊन ठेपतो: कुठले काम कुणाच्या हाती द्यायचे आणि दिल्यावर मागे कोण उभे राहणार. पुढे 2011 पासून आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच धर्तीवर उभा राहिला.

मराठवाड्यातही ही परंपरा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. संभाजीनगरमध्ये तरुण डॉक्टरांच्या एका गटाने 1989 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानचे डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. त्याच्या जोडीने सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळाचे वस्त्यांमधले आणि खेड्यांतले काम वाढले. रुग्णालय आणि वस्ती यांच्यात ये-जा असलेले असे काम शहरात पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आकडे, निर्णय, कोण कुणाला कधी बोलावते याच्या नोंदी, हे सगळे सहकार्याच्या संशोधकाला हवे असलेले साहित्य अशाच ठिकाणी साठलेले असते.

गोव्याचा अनुभव आणखी एक पाऊल पुढे नेतो, कारण तिथे यश आणि अपयश एकाच अभ्यासात शेजारी दिसते. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी नैराश्य आणि चिंता यांसारख्या मानसिक त्रासांसाठी एक पद्धत तपासली. वैद्यकीय पदवी नसलेली, प्रशिक्षित समुपदेशक व्यक्ती रुग्णाची मुख्य सोबती, दवाखान्यातला डॉक्टर तिच्याबरोबर, आणि मनोविकारतज्ज्ञ अधूनमधून भेट देणारा. बारा सरकारी प्राथमिक केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने निवडले. निकाल 2010 साली लॅन्सेटमध्ये आला. सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी जवळपास 66 टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारांत 42.5 टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. घाईने पाहिले तर खाजगी डॉक्टरांनी सहकार्य केले नाही, असे वाटेल. पण त्या दवाखान्यांत नेहमीच्या उपचारांनीच बरे होणाऱ्यांचे प्रमाण चांगले होते. ओळखीचा डॉक्टर, बोलायला थोडा वेळ, तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटणे यांचा तो परिणाम असावा. म्हणजे समुपदेशकाने जे भरून काढले, ते सरकारी ओपीडीच्या गर्दीत हरवलेले होते. ज्या शहरात लोक साध्या दुखण्यासाठी बहुतेक वेळा गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात जातात, तिथे हा निष्कर्ष फार कामाचा आहे.

विदर्भात डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत असेच काम केले. गावपातळीवरचे आरोग्य-कार्यकर्ते, समुपदेशक आणि भेटीला येणारे मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी त्यांनी उभी केली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशातला हा अभ्यास मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवा.

हे सगळे एकीकडे घडत असताना कायद्याची दिशा उलटी गेली, असे माझे मत आहे. 2019 ते 2023 या पाच वर्षांत संसदेने आरोग्य-व्यवसायांच्या नियमनासाठी सहा कायदे केले: डॉक्टरांसाठी 2019 साली, आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथी यांच्यासाठी 2020 साली, भौतिकोपचार वगैरे संलग्न व्यवसायांसाठी 2021 साली, आणि परिचर्या व दंतवैद्यकासाठी 2023 साली. प्रत्येकाचा आयोग वेगळा, अभ्यासक्रम वेगळा, मूल्यांकन वेगळे. डॉक्टरांच्या कायद्यात होमिओपॅथी आणि भारतीय चिकित्सापद्धतींच्या मंडळांबरोबर वर्षातून एकदा संयुक्त बैठकीची तरतूद आहे, पण वॉर्डात डॉक्टरच्या शेजारी चोवीस तास असणाऱ्या परिचारिकेच्या आयोगाचे नाव त्या कलमात नाही. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमाने भावी डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या, त्यांत आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य ही एक आहे. सदस्य असणे कसे शिकायचे? बाकीचे सदस्य वर्गात नसतील तर ते नाटक करूनच शिकावे लागते. महाराष्ट्रात होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधे वापरू देण्याबाबत 2014 च्या कायदादुरुस्तीपासून चाललेला संघर्ष याच कोंडीचे लक्षण आहे. हद्दीच्या भांडणात ‘या तालुक्यातल्या रुग्णाला रात्री कोण भेटणार’ हा प्रश्न मागे पडतो.

एक खुलासा इथे गरजेचा आहे. माणसेच नसतील तर सहकार्य कुणात होणार? 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. एका सिस्टरकडे जितके रुग्ण नियमाने असावेत त्याच्या कितीतरी पट असतील, तर तिने हँडओव्हर सविस्तर द्यावा, डॉक्टरांच्या फेरीत उभे राहून आपले मत सांगावे, ही अपेक्षा पोकळ आहे. पाश्चात्त्य संशोधन मनुष्यबळ गृहीत धरते. आपल्या संशोधनाने ते मोजूनच पुढे जायला हवे. तसेच स्टाइनच्या खेळात डॉक्टर पुरुष आणि परिचारिका स्त्री हे नाते होते. आपल्याकडे त्यात जात, भाषा, कंत्राटी की कायम, हे थर मिसळतात. वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांना रुग्णाविषयी जे कळते, ते विचारणारा अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही. रुग्ण रात्री जेवला नाही, खाटेवरून उतरताना तोल गेला, नातेवाईक गोळ्या लपवून ठेवतात, हे त्यांना पहिल्यांदा कळते.

संभाजीनगरमध्ये हे संशोधन कुठून सुरू करावे, याचे माझे उत्तर तोंडाचा कर्करोग हे आहे. गुटखा आणि तंबाखू यांचे इथले प्रमाण सर्वांना माहीत आहे. अशा रुग्णाच्या प्रवासाकडे पाहा. तोंडात न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे हे पुष्कळदा दंतवैद्याला आधी दिसते. तिथून तो शल्यविशारदाकडे, मग किरणोपचाराकडे जातो. किरणोपचार सुरू करण्याआधी खराब दात काढून जखमा भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, नाहीतर नंतर दात काढताना जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो. म्हणजे दंतवैद्याला उशिरा कळवले तर एकतर उपचार लांबतो किंवा पुढे जबडा धोक्यात येतो. शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी भौतिकोपचार हवा, नळीतून काय आणि किती द्यायचे यासाठी आहारतज्ज्ञ हवा, घरी गेल्यावर नळी सांभाळायला बायकोला शिकवणारी सिस्टर हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्राकडे, आणि त्यात न बसणाऱ्या खर्चासाठी धर्मादाय मदत शोधणारे समाजसेवा अधीक्षक. जाफराबाद किंवा सिल्लोडहून आलेला शेतमजूर या सगळ्यांच्या दारांत एकेकटा फिरतो. प्रत्येक दारात तीच हकिकत सांगतो आणि प्रत्येक फेरीला एक मजुरीचा दिवस गमावतो. शासकीय कर्करोग रुग्णालय, दंत महाविद्यालय आणि घाटी एकाच शहरात असताना, पहिल्या तपासणीपासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, त्यात वाट पाहण्याचे किती, किती जणांनी मध्येच सोडून दिले, हे मोजता येईल. मग दर आठवड्याला सगळ्यांची एकत्र बैठक घेऊन, तिच्यात सिस्टर आणि समाजसेवा अधीक्षकांना बोलण्याचा हक्काचा वेळ देऊन, पुन्हा तेच मोजता येईल.

यासाठी वेगळा निधी लागेलच असे नाही. 1998 साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातल्या वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा सगळ्या विद्याशाखांची बहुतेक महाविद्यालये संलग्न आहेत. अनेक राज्यांकडे अशी एकछत्री रचना नाही. पदव्युत्तर पदवीसाठी एमडी, एमडीएस, एम.एस्सी. नर्सिंग, एम.पी.टी. या सगळ्यांच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. आज एकाच वॉर्डातल्या रुग्णांवर तीन महाविद्यालयांतले तीन विद्यार्थी तीन प्रबंध लिहितात, तीन समित्यांकडून मान्यता घेतात आणि एकमेकांचे निष्कर्ष वाचतही नाहीत. विद्यापीठाने संयुक्त प्रबंधाची परवानगी दिली, एक विषय, दोन किंवा तीन विद्याशाखांतले विद्यार्थी, प्रत्येकाचा स्वतंत्र भाग, मार्गदर्शक दोन आणि त्यांपैकी एक परिचर्येचा, तर पुढच्या प्रवेश-तुकडीपासूनच सुरुवात होऊ शकते. विषय ठरवताना पहिला प्रश्न परिचर्येच्या विद्यार्थिनीने लिहावा, असा माझा आग्रह राहील. रात्री दोन वाजता त्या रुग्णाजवळ कोण होते आणि कुणाला बोलावणे अवघड गेले, हे तिला ठाऊक असते.